गिअरबॉक्ससकट

"गिअरबॉक्सचं मी काय लोणचं घालू?" इंजिन विकत घ्यायला आलेले दत्तोबा म्हणाले. "मला खडीचा क्रशर चालवायचाय. क्रशर काय खंडाळ्याचा घाट चढणार हाय व्हय?"

 साहेबराव हातातल्या बोळ्याने इंजिनात हवा कोंबणारा टर्बो पुसत राहिले. चिखलीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पुसायला आता तेवढंच उरलं होतं. ऐंशी सालच्या पावसाळ्याआधी जागेचा मालक शेड पाडून खोल्या बांधणार होता, आणि एवढं धूड ठेवायला साहेबरावांच्या घरात काय, अंगणातही जागा नव्हती.

धरणाचं काम संपल्यावर मोडीत निघालेल्या डंपरचं हे इंजिन. साहेबराव पिंपरीच्या एका कंपनीत फिटर. त्यांनी ते लिलावात गिअरबॉक्ससकट घेतलं, कारण एक ना एक दिवस त्यांना स्वतःचा ट्रक करायचा होता. सुट्टीच्या दिवशी उघडून, घासून त्यांनी दोन्ही नव्यासारखं केलं. राहिली फक्त चासी, चाकं, केबिन आणि परमिट. तरी केबिनमध्ये खिडकीशी कोण बसणार यावरून नवराबायको भांडून मोकळी झाली होती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! पण त्या भांडणात जे सुख होतं ते साहेबरावांना पुढे कशातच मिळालं नाही. मग पोरीचं लग्न निघालं, मग आईचं आजारपण, आणि चासी दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर गेली.

"चालू करून तर दाखवा," दत्तोबा म्हणाले.

इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. रेस वाढवली तशी टर्बोची शीळ उठली, पत्रे थरथरले. दत्तोबांनी खूश होऊन मान डोलावली आणि हाताने 'बंद करा' अशी खूण केली. साहेबरावांनी रेस कमी केली, पण इंजिन बंद केलं नाही.

"टर्बो तापल्याला असतो. लगेच बंद करायचा नसतो, जरा निवू द्यावा लागतो," ते ओरडून म्हणाले.

ते खरंच होतं. पण टर्बो निवायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ ते तिथं उभे राहिले. हा आवाज आपल्या ट्रकमधून, घाटातून ऐकायचा होता. तो आता त्यांना सोडवेना. शेवटी दत्तोबाच खाकरले.

इंजिन थांबलं. साहेबराव म्हणाले, "गिअरबॉक्स फुकट न्या. पण जोडी फोडायची न्हाई."

दत्तोबा चाकणचे, कांदा पिकवून क्रशरपर्यंत आलेले. जोडीतला एकच बैल विकणाऱ्याला गाव काय म्हणतं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"चालंल," ते म्हणाले. "पण नुसता पडून राहील बघा."

"राहू द्या. शेजारी तरी राहील."

ट्रक आला. साखळी-कप्पीने दोन्ही वर चढवली, दोरखंडाने आवळली. दत्तोबा ड्रायव्हरशेजारी बसले. साहेबरावांची बायको कस्तुरा भाकरी घेऊन आली होती. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"चढा वर," ती म्हणाली.

"कुठं?"

"चाकणला. येऊ यष्टीनं माघारी. एकडाव तरी रस्त्यानं जातंय, तर आपुन नको व्हय संगं?"

आणि लुगडं सावरत आधी तीच चढली.

मोशी मागे पडली. इंद्रायणीचा पूल ओलांडून रस्ता चढाला लागला. ड्रायव्हरने गिअर उतरवला. मागे साहेबरावांचा हात गिअरबॉक्सच्या दांड्यावर होता. त्यांनीही खालचा गिअर टाकला. खट् करून तो बसला. ड्रायव्हरने वरचा टाकला तसा त्यांनीही टाकला. नजर समोर, जणू केबिनची पाठ तिथं नव्हतीच.

कस्तुराने ते पाहिलं. ती हसली नाही. वाऱ्याने उडणारा पदर तिने दातात धरला आणि त्यांच्या शेजारी नीट मांडी घालून बसली.

"दमानं घ्या," ती म्हणाली. "म्होरं वळण हाय."