खडूची रेघ

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. एका शिंप्याच्या दुकानात, माप घ्यायच्या टेपशेजारी, खिळ्याला टांगलेला असतो. माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यात एका बाईंनी मला कानाला लावून तपासलं आणि समाधानाने मान डोलावली. तेवढ्यानेच मी हुरळून गेलो. पुढे पाच वर्षं एका डीजेच्या मानेभोवती मिरवलो. त्याने नवा हेडफोन घेतला, तेव्हा मी ताईच्या वाट्याला आलो. ताई म्हणजे या शिंप्याची मुलगी. घरात धाकटं कुणी नसूनही सगळे तिला ताईच म्हणत. तिला पार्ट्यांमध्ये डीजे व्हायचं होतं. कानांवर टेकणाऱ्या माझ्या गाद्या फाटून त्यांचा भुगा पडत होता. बाबांनी उरल्यासुरल्या मखमलीच्या नव्या गाद्या शिवून दिल्या. काय सांगू, कोरा करकरीत असतानाही मी एवढी ऐट केली नव्हती!

डीजेचं काम दिसतं तितकं सोपं नाही. सगळे एका गाण्यावर नाचत असतात, तेव्हा डीजे एका कानाने पुढचं गाणं ऐकत असतो. दोन्हींचे ठोके जुळले की पहिलं हळूच काढून घ्यायचं आणि दुसरं आत सोडायचं. ताईचा डावा कान माझा, उजवा स्पीकरचा. दुकानाच्या मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये गाणी जुळवायचा मिक्सर मांडून ती रोज सकाळी सराव करायची. वहीत प्रत्येक गाण्यापुढे ठोके लिहायची. चुकली की स्वतःलाच टपली मारायची.

अडचण एकच होती. शेजारीच बाबांचं शिलाई मशीन खडखडत असायचं.

"थांबवू का गं थोडा वेळ?" बाबा विचारायचे.

"नको बाबा. पार्टीत कोण थांबणार आहे माझ्यासाठी? गोंगाटाची सवय व्हायला हवी." असं म्हणून ती माझा आवाज वाढवायची.

बाबांना ते पटेना. एके दिवशी त्यांनी कापडावर आखायचा खडू घेतला आणि मिक्सरवर, माझ्या आवाजाच्या बटणापाशी, एक रेघ ओढली. "याच्या पुढे जायचं नाही. माप म्हणजे माप!"

ताई हसली. पण खडूच तो, तिच्या अंगठ्याने पुसला जायचा. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा रेघ ओढायचे. मग शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं. बाबांना मान वर करायला फुरसत राहिली नाही आणि महिनाभर रेघ ओढायची राहून गेली. ताई बटण फिरवत गेली, मी ओरडत गेलो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

ताईचं पहिलं काम मावशीकडचं होतं. मावशी तीस वर्षं नर्स होती, ती निवृत्त होणार होती. तिने वॉर्डातल्या सगळ्याजणींना दुपारी बोलावलं होतं. "जन्मभर पायांवर उभ्या होतो आम्ही, आता जरा नाचव!" असं तिने ताईला बजावलं होतं. पार्टीच्या आठवडाभर आधीपासून ताईच्या डाव्या कानात शिट्टी वाजू लागली. पार्टी हातची जाईल म्हणून ती कोणाला बोलली नाही. मला मात्र कळलं होतं. मला काढून ठेवल्यावरही ती कान दाबून बसायची.

पार्टीत पहिली तीन गाणी झकास झाली. चौथ्याला तिने मला डाव्या कानावर घट्ट दाबलं. मी जीव तोडून वाजत होतो, पण तिला त्या कानात शिट्टीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. शेवटी तिने अंदाजानेच गाणं सोडलं. दोन गाणी एकमेकांच्या पायात अडखळली आणि नाचणाऱ्या थांबल्या.

मावशी धावत आली. "अगं, काय झालं?" तिने डावीकडून विचारलं. ताईने मान वळवली नाही. मावशीने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मग, नर्सच ती, काय ते समजली आणि तिने स्वतःच्या हाताने गाणं बंद केलं.

डॉक्टर म्हणाले, डावा कान गेला, तो परत यायचा नाही. उजवा टिकवायचा असेल तर मोठ्या आवाजाच्या जवळही जायचं नाही. मिक्सर देऊन टाकला. वही कपाटात गेली. बाबांनी ताईला दोष दिला नाही, मलाही नाही. "तो एक महिना..." एवढंच ते मावशीला म्हणाले.

मित्रांनो, माझी वायर नीट गुंडाळली नाहीत तरी चालेल, मला धूळ खात ठेवलंत तरी चालेल. पण आम्ही कितीही गोड वाजलो, तरी आमचा आवाज कमी ठेवा. फाटलेली गादी शिवता येते, कान शिवता येत नाही. येत असता तर बाबांनी कधीच शिवून दिला असता.

ताई आता दुकानात काजं करते, बटणं लावते. तिच्या डाव्या हाताला बाबांचं मशीन आहे, अगदी हातभर अंतरावर. जेवायची वेळ झाली की बाबा मशीन थांबवतात, उठतात, टेबलाला वळसा घालून तिच्या उजवीकडे येतात आणि मग म्हणतात, "ताई, चल जेवायला."