तासाभराची खरखर

नखाएवढा साचा, गुलाबीही नाही आणि बदामीही नाही अशा मधल्याच रंगाचा, कोणाच्या तरी डाव्या कानाच्या आतल्या वळणाचा तंतोतंत ठसा – तो आपल्या टेबलावर कसा आला हे तिला आठवेना. बहुधा कानफाट्या बोलता बोलता ठेवून गेला असेल, त्याची सवयच ती, हातातलं जिथल्या तिथं विसरायचं आणि मग दुरुस्तीची सगळी खोली पालथी घालायची. श्रवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे नाव कोणी दिलं ते आता कोणालाच ठाऊक नाही. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं, असं तो स्वतःच हसत सांगतो.

सकाळ मोठी शांत होती. समोरच्या पडद्यावर नव्या तक्रारींची जागा कोरी. कोणाचं यंत्र बिघडलं की तो माणूस यंत्रं पुरवणाऱ्या या संस्थेच्या पत्त्यावर मेल टाकतो, कोपऱ्यातल्या खोलीतला लिनक्सचा सर्व्हर ती मेल उचलतो, तिला एक क्रमांक देतो, आणि त्या तिकिटावरून पुढं कानफाट्याचं काम सुरू होतं. हिशेब विभागानं टाकून दिलेल्या मशिनवर ही सगळी व्यवस्था तिनंच उभी केली होती, एकटीनं, हौसेनं. तिथला पंखा घुरघुरायला लागला तरी तिला घरातलं कोणी कण्हल्यासारखं व्हायचं. शुक्रवारपासून एकही नवं तिकीट नव्हतं. साहेब दारातून डोकावून म्हणाले होते, "बघा, यंत्रं सुधारली की तक्रारी आपोआप थांबतात." तिनं मान डोलावली होती. खरं तर तिला त्या शांततेबद्दल फार विचार करायचाच नव्हता, ती नुसती अंगावर घ्यायची होती, हिवाळ्यातल्या उन्हासारखी...

घरीही हल्ली असंच. नवरा बाहेरगावी कामावर, आठवड्याला एकदा येतो. घरात ती आणि आई – सासूबाई, पण लग्नापासून आईच म्हणते ती. गेल्या महिन्यापासून आईंनी यंत्र काढून ठेवलंय. कानफाट्यानं स्वतः बसून जुळवून दिलेलं, संस्थेतलं सगळ्यात चांगलं. आधी तिनं समजावलं, मग रागावली, मग हातवारे केले. पालथ्या घड्यावर पाणी. "शांत बरं वाटतं," एवढंच आई म्हणतात, आणि कपड्यांच्या घड्या घालत बसतात. हट्ट, दुसरं काय. पण आता दोघींना त्याचीही सवय झालीय. चहाची खूण, झोपेची खूण, कोणी आलंय याची खूण – दिवस कसा आवाज न करता सरकतो, आणि मी तक्रार कशाला करू...

"ताई," बाहेरच्या टेबलावरची फोनवाली रिसिव्हरवर हात ठेवून आत वाकली. "एक बाई विचारतायत, शुक्रवारी मेल केली होती, मिळाली का."

"कसली?"

"मुलगी लहान आहे म्हणतात. आत्ता कुठं बोलायला लागली होती. यंत्र बंद पडलं, तेव्हापासून नवा शब्दच नाही. जुनेही विसरायला लागलीय म्हणतात."

तिनं पडद्याकडे पाहिलं. कोरा.

शांततेचा रंग बदलायला क्षणही लागत नाही. मघाशी जी उन्हासारखी वाटत होती तीच आता अशी वाटली, की शेजारच्या खोलीत मूल खेळतंय म्हणून आपण निर्धास्त असावं आणि एकदम लक्षात यावं, फार वेळ झाला आवाज नाही. "मिळाली नाही म्हणून सांग," ती म्हणाली. "पण आज माणूस येईल म्हणावं. पत्ता घेऊन ठेव." आणि खुर्ची पुढं ओढून तिनं बाह्या सारल्या.

आधी तिनं स्वतःच्या फोनवरून एक मेल टाकली – विषय, चाचणी. थांबली. काही नाही. मग टपालपेटीच थेट उघडून पाहिली, सर्व्हरला बाजूला ठेवून. आणि तिथं ती होती, तिची चाचणी, न उघडलेली, आणि तिच्याखाली गठ्ठेच्या गठ्ठे, सगळ्या न उघडलेल्या. म्हणजे पत्रं दारापर्यंत येत होती. दारातून आत आणणारा कोणी नव्हता. हे कळलं तेव्हा भीती थोडी ओसरली आणि तिच्या जागी ती जुनी ओळखीची गोडी आली; गुंता हातात आल्यावर, टोक सापडण्याआधी जी येते ती, आणि जी तिनं कधी कोणाला सांगितली नव्हती, कारण दुसऱ्याच्या खोळंब्यात आपल्याला मजा वाटते हे सांगायचं तरी कसं.

थोड्याथोड्या वेळानं पेटी उघडून मेल आत आणायची आज्ञा सर्व्हरला दिलेली असते. ती चुकते का? सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडला. नाही, बिचारा वेळच्या वेळी उठत होता. उठायचा, पेटीपाशी जायचा, आणि पुढं काहीच नाही. मग परत उठायचा. शुक्रवारपासून रात्रंदिवस हेच. तिनं ती आज्ञा हातानं दिली आणि पाहत राहिली. पहिली मेल उचलली... उचलतोय... आणि मशिननं अंग टाकलं. मेमरी अपुरी, असा शेरा. पुन्हा दिली. पुन्हा तिथंच, त्याच मेलवर. दारात एकजण भलंमोठं बोचकं घेऊन अडकलेला, आणि मागं सगळी रांग – कोणी पुढच्याला ढकलत नाही, कोणी आरडाओरड करत नाही.

तिनं ती पहिली मेल तेवढी अलगद उचलून वेगळ्या कप्प्यात ठेवली. आणि आज्ञा दिली.

धडाधड तिकिटं पडू लागली. एकाखाली एक, ओळी खाली सरकू लागल्या. कोणाची बॅटरी, कोणाची तुटलेली नळी, एका शिक्षकांनी तर तीनदा लिहिलेलं, दर वेळी आधीच्यापेक्षा सौम्य, शेवटी 'आपण कामात असाल' असं. लहान मुलीचं तिकीट तिनं सगळ्यात वर नेलं, आणि कानफाट्या अर्धा चहा टेबलावर सोडून उठला, बदली यंत्र खिशात टाकून. साहेब गलका ऐकून आले.

"एवढ्या? म्हणजे यंत्रं सुधारली नव्हती?"

"सुधारलीही असतील, साहेब. कळायला मार्ग नव्हता."

ते हसले, आणि खुर्ची ओढून स्वतःच बॅटरीवाल्यांना फोन लावायला बसले. तिला ते त्या क्षणी फार बरे वाटले.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिनं तो वेगळा कप्पा उघडला. मजकूर थोडा होता; बोचकं होतं ते सोबतच्या आवाजाच्या फायलीचं. 'यंत्रात कसा आवाज येतो ते लिहून सांगता येत नाही. म्हणून यंत्र फोनपाशी धरून घरातला तासभर आवाज भरला आहे. सवडीनं ऐकावा.' लिहिणारे वयस्कर गृहस्थ असावेत. तिनं हेडफोन लावले, दोन मिनिटं ऐकून कानफाट्याकडे पाठवू म्हणून.

आधी नुसती खरखर. मग काहीतरी कोसळलं – दचकून तिनं हात कानाकडे नेला – पण कोसळलं नव्हतं काही, कोणीतरी ताटलीवर ताटली ठेवली होती. नळ सुटला तो धबधब्यासारखा. खुर्ची सरकली ती पाठीच्या मणक्यातून. आणि या सगळ्याच्या तळाशी, दबलेला, बारीक, एका बाईचा आवाज:

"अहो, काय करताय ते?"

"आवाज भरतोय."

"कोणासाठी?"

"ऑफिसातल्यांसाठी. किती वेळ भरू?"

"ते कशाला ऐकतायत तासभर."

पुन्हा ताटल्या. तिचा हात बटणावर होता, तो तिनं काढून मांडीवर ठेवला. डबा उघडलाच नाही. तासभर ती त्या अनोळखी घरात बसून राहिली, जिथं बाई काय बोलते ते सोडून बाकी सगळं ऐकू येत होतं.

कानफाट्या परतला तो खुशीत. "लावल्याबरोबर रडली पोरगी. मग स्वतःचं रडणं ऐकून दचकली, आणि आणखी रडली. आई पण रडली. छान झालं." त्याला तिनं हेडफोन दिले. त्यानं थोडं ऐकलं, डोळे मिटून.

"यात बिघाड नाही," तो म्हणाला.

"मग हे एवढं?"

"घरच ते. आपला कान निवडतो, बाई, नको ते सोडून देतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. यंत्र सगळंच आणून ओततं."

"काही करता येईल?"

"घेऊन या म्हणावं. थोडं कमी-जास्त करू. सगळं नाही जमायचं."

तिनं उत्तर लिहायला घेतलं. लिहिलं, खोडलं. शेवटी एवढंच राहिलं – 'पूर्ण ऐकलं. या, बसून बघू.' आणि मग 'पूर्ण'च्या पुढं 'तासभर' घातलं, त्या बाईंनी वाचलं तर वाचावं म्हणून.

संध्याकाळी घरी आई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या होत्या. त्यांनी पातेलं ओट्यावर ठेवलं, आणि तिला ते ऐकू आलं – रोजचंच, पण आज पहिल्यांदा. त्यांच्या समोर जाऊन तिनं ओठ सावकाश हलवत विचारलं, "आई, ते घातल्यावर कसं ऐकू यायचं?"

आई तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं तिला दिसलं, आणि मग गेलंही.

"सगळं यायचं," त्या म्हणाल्या. मग कोथिंबिरीची जुडी पुढं ओढत, "तू सोडून."

त्यात रुसवा नव्हता. एवढं सांगून त्या कोथिंबीर निवडू लागल्या, आणि तीही समोर बसून निवडू लागली. उद्या यंत्र कानफाट्याकडे न्यावं, की राहू द्यावं असंच, हे तिला ठरवता येईना, आणि ठरत नाही याचं वाईटही वाटेना. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलचं स्टँड लावलं. वरच्या मजल्यावर पावलं. फ्रिज थरथरला आणि थांबला, म्हणजे इतका वेळ चालूच होता... आणि मी? मी आजवर काय काय सोडून दिलं असेल, न कळत, इतक्या सहज – ती एकेक आवाज घेत बसली, पाहुण्यांना आत घ्यावं तसा, कोणाला कुठं बसवायचं हे अजून ठाऊक नसताना.