पत्र्याचं पोट

लकव्यानं थोरल्या मिस्त्रींचा उजवा हात नेला, पाय नेला, वाचा नेली. डोकं तेवढं जागच्या जागी ठेवलं. दुखण्याला खवचटपणा सुचतो तो असा.

चार महिन्यांनी आज त्यांची खुर्ची पुन्हा शेडमध्ये आली होती. धाकट्या भावानं आणि भावजयीनं ती दोन्ही बाजूंनी उचलून कामाच्या जागेसमोर ठेवली.

"दादा, तू नुसता बस. तू समोर असलास की मला धीर येतो," धाकटा म्हणाला.

टॅक्सीवाल्याच्या जुन्या गाडीचं डावं मडगार्ड करायचं होतं. त्या गाडीचे भाग आता बाजारात मिळत नव्हते, म्हणून तर लोक या शेडची वाट धरत. टॅक्सीवाला संध्याकाळी येणार होता. मडगार्ड जमलं तर शेड चालू ठेवायची, नाही जमलं तर कुलूप लावायचं आणि धाकट्यानं गोदामावर रखवालदारी धरायची, असं घरात ठरलं होतं. गोदामवाला उद्यापर्यंतच थांबणार होता.

मिस्त्रींनी पस्तीस वर्षं इथं नुसत्या हातानं पत्रे घडवले. यंत्र म्हणून काही नव्हतंच. झाडाचा एक ओंडका आणि त्यात कोरलेली वाटी, जुन्या विजारीच्या पायात वाळू भरून शिवलेली उशी, रुळाचा हातभर तुकडा, चार हातोड्या आणि दोन सळया जोडून घरीच केलेला एक चिमटा. भंगारवाल्यानंही नाक मुरडावं असा सगळा संसार. पण त्यातून निघालेल्या मडगार्डवरून हात फिरवला तर बोटाला कुठं अडखळायला मिळत नसे.

धाकटा पत्रा कापायचा, वेल्डिंग करायचा, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. त्यानं चुकून हातोडी उचललीच तर मिस्त्री खेकसायचे, "ठेव ती खाली! एका पत्र्याला दोन मालक नकोत." धाकटा बापडा ठेवायचा.

आज त्यानं तीच हातोडी घेतली, कापलेला पत्रा रुळावर धरला आणि बरोबर मध्यावर पहिला घाव घातला.

अरे गाढवा, मध्यावर नाही! मिस्त्री मनातल्या मनात ओरडले.

पत्र्याला पोट आणायचं तर पोटावर मारायचं नसतं. कड आवळायची असते. चिमट्यानं कडेला चुण्या पाडायच्या, झबल्याच्या बाहीला पाडतात तशा, आणि लाकडी हातोड्यानं त्या एकेक करून पत्र्यातच जिरवायच्या. कड आखडली की पोट आपसूक वर येतं. मध्येच बडवत राहिलं तर पत्रा ताणला जातो, पातळ होतो, आणि मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही. हे एवढंच सांगायचं होतं. लहान पोराला कळेल इतकं सोपं होतं.

मिस्त्रींनी सगळा जोर लावला. "ऊं... ऊं..."

"पाणी हवंय वाटतं भाऊजींना," म्हणत भावजय पेला घेऊन धावली. मिस्त्रींनी मान हलवून नाही म्हटलं आणि डावा हात पत्र्याच्या कडेकडे केला. त्याच रेषेत मागच्या भिंतीवर पंख्याचं बटण होतं. भावजयीनं पंखा लावला. "तरीच! उकडत असणार," ती म्हणाली.

घाव पडत होते. मिस्त्री डाव्या हातानं खुर्ची बडवायला लागले.

"अगं बाई, आत न्यायला हवं यांना. उचला हो," भावजय म्हणाली.

धाकट्यानं त्यांना संडासात नेऊन बसवलं आणि तो कामाला परतला. दाराबाहेरून भावजय म्हणाली, "लाजू नका भाऊजी, सावकाश होऊ द्या." आणि ज्यांच्या एका आवाजानं अख्खी शेड गप्प व्हायची ते मिस्त्री, काही होत नसताना, तिथं दहा मिनिटं बसून एकेक घाव ऐकत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यांना रडू फुटलं.

परत आणलं तेव्हा पत्रा हाताबाहेर गेला होता. कडा लाटांसारख्या वरखाली झाल्या होत्या. धाकट्यानं पोटावर अंगठा दाबला. टडक, पत्रा आत गेला. अंगठा काढला. टडक, बाहेर आला.

धाकट्यानं हातोडी ठेवली आणि तो खुर्चीपाशी उकिडवा बसला. मांडीवर पत्रा घेऊन म्हणाला, "कुठं चुकलं रे दादा? किती वेळा म्हटलं होतं तुला, शिकव म्हणून."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. पस्तीस वर्षं एक वाक्य पोटात दाबून ठेवलं होतं त्यांनी, का, तर आपली किंमत कमी होऊ नये. आता ते वाक्य द्यायला ते आनंदानं तयार होते, आणि द्यायला तोंड नव्हतं.

डावा हात होता. मिस्त्रींनी पत्र्याची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली आणि जीव खाऊन आवळली. बघ. इथं. अशी. त्यांचा हात घसरला, आणि कापलेल्या धारेवर बोट फाटलं.

"अरे, रक्त! फडकं आण गं!" धाकटा पत्रा टाकून उठला. फडकं बांधून झालं तेव्हा मिस्त्रींचे डोळे पुन्हा वाहत होते.

"आवाजाचाच त्रास होतोय त्यांना," भावजय मायेनं म्हणाली आणि तिनं खुर्ची फिरवून दाराकडे केली. "बघा, रस्ता बघा जरा. मन रमेल."

रस्त्यावर एक बाई सायकल ढकलत चालली होती. मागे कात्री करकरली. धाकटा दुसरा पत्रा कापत होता. मग कात्री थांबली, आणि बराच वेळ काहीच वाजलं नाही. तो विचार करतोय. चिमटीचं त्याच्या लक्षात आलं असेल. आलंच असेल, शेवटी भाऊ आहे माझा. मिस्त्रींनी श्वास रोखून धरला.

"या वेळी जरा जोरात मारून बघतो, दादा," धाकटा म्हणाला.

घाव पडला. मध्यावर बसलेला घाव कसा वाजतो, ते मिस्त्रींना पाठ होतं.