लोमॅक्सची बस

जॉर्जियातल्या लोमॅक्स गावानं थॅडियस ग्रायरला पुन्हा आमदार केलं ते एका बससाठी. हॉस्पिटल, कोर्ट, कोंबडीचं मांस तयार करायचा कारखाना, सगळं नदीपलीकडे. अलीकडे लोमॅक्स, आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्यानं पूल ओलांडायला शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. प्रचारात थॅड दारोदार हेच बोलत फिरला होता. आमदार या नात्यानं प्रादेशिक वाहतूक मंडळावर त्याची खुर्ची होती. कुठं रस्ता होणार, कुठं बस धावणार, हे तिथंच मतांवर ठरायचं.

मंडळाच्या बैठकीआधी पक्षाच्या सभागृहातल्या नेत्यानं त्याला जेवायला नेलं. धमकी नाही, चढा आवाज नाही. तळलेला मासा संपेपर्यंत नेता मुलाबाळांची चौकशी करत होता. मग सहज म्हणाला, की गोदामांकडचा महामार्ग रुंद व्हायलाच हवा, पैसा एकाच कामाला पुरेल, बसचं पुढच्या आराखड्यात बघू. आणि हो, सभागृहातल्या वाहतूक समितीचं अध्यक्षपद रिकामं होतंय. थॅडनं मनाची समजूत घातली, की अध्यक्ष झालो तर एका बसच्या जागी दहा आणीन. रात्रभर त्याला ते पटलं. सकाळी महामार्गाच्या बाजूनं हात वर करताना पटेना. पण तोवर हात वर गेला होता. बस एका मतानं हुकली.

गावात येऊन त्यानं सांगितलं, मी पुष्कळ झगडलो, पण मतं कमी पडली.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सभा भरली. न्हावी रॉस्को पेटवे उभा राहिला आणि म्हणाला, की पलीकडच्या लोकांत वेगळंच बोललं जातंय. आपल्याच माणसानं आपला गळा कापला म्हणतात. सगळ्या माना थॅडकडे वळल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतून मिस व्हर्लीन ओडम काठी टेकत उठल्या. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं. मूत्रपिंडं निकामी झाल्यानं आता त्यांना आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला पलीकडे जावं लागे, कधी याच्या गाडीतून, कधी त्याच्या.

"रॉस्को, खाली बस," त्या म्हणाल्या. "थॅडनं आपल्यासाठी हात वर केला. माझा शब्द आहे."

त्यांच्या शब्दापुढे गावात कुणी बोलत नसे. रॉस्कोनं येऊन थॅडची माफी मागितली. कुणीतरी त्याच्या हातात पीचच्या गोड पक्वान्नाची बशी दिली. खायची इच्छा नव्हती, तरी त्यानं बशी पुसून संपवली, कारण लोक बघत होते.

सभा सुटल्यावर मिस व्हर्लीननी त्याला घरी सोडायला सांगितलं. गाडी चर्चच्या आवाराबाहेर पडली.

"बैठक मी वाचनालयात बसून पाहिली," मग त्या म्हणाल्या. "तिथल्या कॉम्प्युटरवर दाखवतात, ठाऊक नव्हतं तुला?"

थॅडनं गाडी कडेला घेतली. त्यांच्याकडे बघायची त्याची छाती होईना.

"मग तुम्ही तसं का बोललात?"

"तुला पाडलं तर नवा माणूस निवडायचा, त्यानं खुर्चीवर बसायला शिकायचं. माझ्या मूत्रपिंडांना तेवढी सवड नाही बाबा. आराखड्यात दुरुस्तीची बैठक वसंतात आहे ना?"

"मिस व्हर्लीन, मी उद्याच सगळ्यांना खरं काय ते सांगतो."

"म्हणजे तुझं मन हलकं होईल. आमचं काय होईल? देवाच्या घरात उभी राहून मी खोटं बोलले, थॅड. माफ केलंय असं समजू नकोस. तोंड बंद ठेव आणि बस आण."

तो हिवाळा थॅडनं मंडळातल्या महापौरांची दारं झिजवली. एक कारखान्याच्या मजुरांमुळे वळला, दुसऱ्याच्या गावालाही त्याच बसचा थांबा द्यावा लागला. नेत्याचा फोन आला तेव्हा थॅडनं सरळ नाही म्हटलं, आणि अध्यक्षपद दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडलं. वसंतातल्या बैठकीत बस मंजूर झाली. आता तर लोक म्हणू लागले, आपला आमदार शब्दाचा पक्का. रॉस्कोनं त्याचे केस कापले आणि दमडी घेतली नाही. थॅडला वाटे, आरशातून कुणीतरी आपलं सोंग बघतंय.

पहिल्या फेरीला सारं गाव थांब्यावर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यानं बोलायला तोंड उघडलं आणि आभार मानून मिटलं. मिस व्हर्लीन पुढच्या बाकावर बसल्या होत्या. तो शेजारी बसायला गेला तर त्यांनी मांडीवरची पिशवी उचलून त्या जागेवर ठेवली.

थॅड दांडा धरून उभा राहिला. बस पुलावर चढली.