तीन तिने म्हणायचं

"कंबर उचला, काका. आता मोठ्याने तीनपर्यंत मोजा, आणि मग सावकाश खाली."

जयवंतने गुडघे दुमडले, तळवे गादीवर दाबले आणि कंबर वीतभर वर उचलली.

"एक," तो म्हणाला. "दोन."

आणि धपकन खाली आला.

गंधालीने कपाळाला हात लावला. बोरिवलीतल्या या तळमजल्यावरच्या फिजिओथेरपीच्या खोलीत दिवसाला वीस-पंचवीस कंबरा नि गुडघे तिच्या हाताखालून जायचे, आणि त्यातल्या निम्म्यांना ती नुसत्या तोंडाच्या जोरावर बरं करायची. पण दहिसरचा हा माणूस सहा आठवडे तिला पुरून उरला होता.

"दोनवरच कशी हो गाडी बंद पडते तुमची? मागच्या शनिवारी तेच, आज तेच. तीनशी काय भांडण आहे का?"

"दुखतं," जयवंत म्हणाला.

"दुखतं ते दिसतंय ना मला. पण एमआरआय स्वच्छ आहे. मणके बघाल तर चाळिशीतल्या माणसाचे. स्नायू तेवढे घाबरून बसलेत, वाकायचं म्हटलं की आधीच आवळून घेतात. नक्की कधीपासून दुखतंय, ते तुम्ही मला धड सांगतच नाही."

"सांगितलं ना. बादली उचलताना चमक भरली."

"कधी?"

"झाले असतील सात-आठ महिने."

बाजूच्या खुर्चीवर फाईल घेऊन बसलेल्या मुलीकडे, श्रुतिकाकडे, त्याने पाहिलं नाही. तिनेही फाईलमधून मान वर केली नाही. दर शनिवारी मुलुंडहून तंगडतोड करत ती बापाला इथे घेऊन यायची.

चाळीस वर्षं जयवंतने गोरेगावच्या छापखान्यात कागदाची रिमं उचलली, पण कंबरेने कधी हूं की चूं केलं नव्हतं. आता मात्र चपलेत पाय घालायचा तरी भिंत धरावी लागे. आणि औषध काय, तर कंबर उचला! दोन वर्षं तो स्वतः हेच दोन शब्द म्हणत आला होता. अर्धांगाच्या झटक्याने बायकोची, सुनंदाची, डावी बाजू गेली तेव्हापासून तिच्याखाली भांडं सरकवायचं तरी तेच, चादर बदलायची तरी तेच. कंबर उचल गं. आधी लाडाने म्हणायचा, मग सवयीने, आणि शेवटी शेवटी तर वैतागून, दात-ओठ खाऊन. आता इथे आडवं पडलं की त्याला वाटे, ती उशाशी बसून सगळं ऐकते आहे. गुपचूप बसली आहे, हसतही नाही. एकदा तर त्याने मान वळवून पाहिलंही होतं.

सुनंदाला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घ्यायची दोघांची एक रीत होती. तो वाकून तिच्या काखेखाली हात घाली आणि म्हणे, एक, दोन. तीन तिने म्हणायचं. तिचा चालता उजवा हात त्याच्या मानेभोवती घट्ट बसला की ती तीन म्हणे, मग तो उचली. ही युक्ती तिचीच. "माझां वजन, माझो हुकूम," म्हणायची. दोन वर्षांत ती रीत एकदाच मोडली.

त्या रविवारी रोजची मावशी आली नव्हती. पावणेअकरा वाजले असतील. जयवंतने दूध गॅसवर ठेवलं होतं आणि सुनंदाला खुर्चीत घ्यायला वाकला होता. एक म्हणाला, दोन म्हणाला, आणि स्वयंपाकघरातून चर्रर्र आवाज आला. त्याने दोनवरच उचललं. तिचा हात अजून गादीवरच होता. सगळा भार एका बाजूला आला, कंबरेत कळ उठली, आणि त्याचे हात सुटले. लादीवर पडल्या पडल्या सुनंदा रडली नाही, ओरडली नाही. नुसती त्याच्याकडे बघत म्हणाली, "अजून तीन खंय म्हटलंय मी?"

खुबा मोडला होता. पुढे छातीत कफ झाला आणि एकोणीस दिवसांत ती गेली. तेरा महिने झाले त्या रविवारला.

पण हे कुणाला ठाऊक नव्हतं. दुपारी श्रुतिका धावत आली तेव्हा सुनंदाच आधी बोलली होती, "मीच उतरूक गेलंय गो. घसरलंय." जयवंतने तोंड उघडलं, पण ती पुन्हा तेच म्हणाली, म्हणून त्याने मिटलं. तेव्हापासून ते मिटलेलंच होतं. त्याने दूध बंद केलं, कोरा चहा पिऊ लागला. लेकीला वाटलं, पित्त झालंय.

हेही सोसलं असतं त्याने. सोसवत नव्हतं ते श्रुतिकाचं बोलणं. आला-गेला भेटला की ती म्हणे, "कितीदा सांगितलं होतं आईला, एकटी उतरू नकोस म्हणून. ऐकेल तर शपथ." गेल्या रविवारी वर्षश्राद्धाच्या पंगतीतही म्हणाली, सगळ्यांच्या देखत. जयवंत तेव्हा टेबलाला टेकत टेकत खीर वाढत होता. तो वाढतच राहिला. मेलेल्या बायकोवर लेक खोटा आळ घेते आहे आणि आपण खीर वाढतो आहोत, याची त्याला इतकी शरम वाटली की त्या रात्री तो जेवला नाही.

"चला, पुन्हा," गंधाली म्हणाली. "कंबर उचला."

जयवंतने उचलली. "एक," तो म्हणाला. "दोन."

पडद्यामागच्या ओट्यावर चर्रर्र आवाज झाला.

"अगंबाई, चहाचं दूध!" म्हणत गंधाली आत पळाली.

जयवंत गादीवर आदळला. डोळे गच्च मिटलेले, कपाळावर घाम. श्रुतिका फाईल टाकून उठली.

"बाबा? काय झालं?"

करपलेल्या दुधाचा वास खोलीभर पसरला होता. आत गंधाली फडकं शोधत होती. जयवंतने डोळे उघडलेच नाहीत. उघडले असते तर बोलता आलं नसतं.

"बादलीने नाही भरली चमक," तो म्हणाला. "आई पडली त्या दिवशी भरली. ती घसरली नव्हती, श्रुती. दूध उतू चाललं होतं म्हणून मी घाई केली. तिने तीन म्हटलंच नव्हतं."

श्रुतिकाने त्याच्या शर्टाची वर सरकलेली कड ओढून नीट केली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

त्याने उठायची धडपड केली. तिने खांद्यावर हात ठेवून त्याला निजवलं.

"आईने सांगितलं होतं. हॉस्पिटलात, तिसऱ्या दिवशी. म्हणाली, त्यांच्यासमोर मलाच बोल लाव. तुला ठाऊक आहे असं कळलं तर ते तुझ्या तोंडाकडे बघायचे नाहीत."

"तेरा महिने?"

"मग काय करू? शपथ घातली होती तिने." श्रुतिकाचा आवाज चिरकला. "दर वेळी तिला नावं ठेवायची, आणि घरी जाऊन तिच्या फोटोपुढे नाक घासायचं. कंटाळले हो मी बाबा."

"राग नाही आला माझा?"

"आला ना. अजून येतो कधीकधी."

हे ऐकून जयवंतला बरं वाटलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

फडक्याला हात पुसत गंधाली बाहेर आली. "गेलं सगळं दूध. आता कोरा चहा मिळेल, चालेल ना?" मग दोघांचे चेहरे पाहून ती थबकली. "आज थांबायचं का, काका?"

"नाही," जयवंत म्हणाला. त्याने पुन्हा गुडघे दुमडले आणि कंबर वर उचलली.

"एक," तो म्हणाला. "दोन."

या वेळी तो खाली आला नाही. वरच राहिला. मांड्या थरथरू लागल्या, ओठ घट्ट मिटले, तरी त्याची मान उशाच्या बाजूला वळलेली होती. गंधाली काही बोलणार, तोच श्रुतिकाने तिला हाताने थांबवलं. ती उशाशी आली. तिने आपला उजवा हात वडिलांच्या मानेखाली सरकवला आणि तो घट्ट बसल्याची खात्री करून घेतली.

"तीन," ती म्हणाली.

जयवंत सावकाश खाली आला.