मुळ्याचे तीन वाफे

रविवार, दिनांक ८ डिसेंबर २०२४, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, सकाळी साडेआठ वाजता, खालापूर तालुक्यात, चौक गावाहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्याच्या उत्तर अंगास, जयवंता पोशा भोईर यांच्या लाकडाच्या गिरणीमागील नऊ गुंठ्यांच्या मळ्यात, तो मळा राहावा की जावा या प्रश्नाची पहिली सुनावणी झाली. उपस्थित तिघे होते: स्वतः जयवंता, वय अडुसष्ट, त्यांचा मुलगा कमलेश, आणि कमलेशची बायको हर्षला, जी लग्न झाल्यापासून आठ वर्षे तो मळा एकटीने करीत होती. सुनावणी हा शब्द जयवंतांचाच. तरुणपणी एकदा बांधाच्या भांडणात त्यांना पंच नेमले होते, आणि तेव्हापासून घरात मीठ कोणत्या डब्यात ठेवावे हेसुद्धा दोन्ही पक्ष ऐकल्याशिवाय ठरत नसे.

प्रश्न साधा होता. सलग दोन हंगाम मळ्याने काही दिले नव्हते. मुळा करंगळीहून जाड होईना, माठ पिवळा पडे, वांग्याची झाडे गुडघ्याखालीच थांबत. याच सुमारास कमलेशला खालापूरच्या एका कारखान्याची लाकडी खोकी करून देण्याचे काम मिळाले. चिरलेल्या फळ्या हवेशीर रचून वाळवायच्या तर सपाट जागा पाहिजे, आणि घरची बाकी जमीन भाताची, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली. सपाट म्हणावा असा एवढा मळाच.

"जमीन थकली, हर्षला," जयवंता म्हणाले. "माणूस थकतो, तशी ती पण थकते. तिच्यावर आता फळ्या रचू दे."

"जमीन थकली नाय, बाबा. तिला थकवलीय."

"कोणी?"

"तुमच्या भुशानं."

कमलेशने लगेच मान वळवून रस्त्याकडे पाहिले. दुसरे कोणी असे बोलले असते तर तो हसला असता. पण भुसा हा त्याच्या वडिलांचा सिद्धांत होता. ओंडक्याची फळी होते, कडेच्या साली चुलीला जातात, ढलप्या वीटभट्टीला जातात. मग आऱ्याखाली पडणारा भुसा तेवढा वाया का जावा? झाड मातीतून आले, त्याचे पीठ मातीला परत द्यावे, या विचाराने गेली दोन वर्षे जयवंतांनी ताज्या भुशाच्या पाट्यांवर पाट्या मळ्यात ओतल्या आणि पॉवर टिलरने मातीत कालवल्या. विचारात खोट काढता येत नव्हती. खोट निघत होती ती मुळ्यात.

"भुशानं?" जयवंतांनी बांधापलीकडे बोट केले. भात कापून झालेल्या शेतात वालाची रोपे टवटवीत वर आली होती. "मग तो वाल बघ. तिथं भुसा मळ्याच्या दुप्पट घातलाय, दोन्ही वर्सं. गेल्या साली शेंगांपुढं पान दिसत नव्हतं. भुसा इखारी असता तर वाल जगला असता का? बोल."

हा आक्षेप हर्षलाने रात्रंदिवस मनात उलटून पाहिला होता आणि त्याचे उत्तर तिला सापडले नव्हते.

"वालाचं मला सांगता येत नाय," ती म्हणाली. "पण भुशाला मी सोडत नाय. नुसतं बोलून ठरायचं नाय हे. वाफे करून बघू."

तिच्या हट्टाचे कारण सांगितले पाहिजे. गिरणीत फळी ओढायला माणूस कमी पडला की हर्षला आऱ्यामागे उभी राही. आऱ्याला लाकूड कोणत्या अंगाने लावायचे हे सासरे ठरवीत, गिऱ्हाईक नवरा ठरवी. तिचे हात दोन्हीकडे चालत. तिचा शब्द मात्र या नऊ गुंठ्यांतच चालत असे. मेथी कधी टाकायची, पाण्याची पाळी कोणत्या वाफ्याला आधी, बी कोणत्या वेलाचे धरायचे, हे तिला कोणी विचारीत नसे आणि सांगतही नसे. मळा गेला असता तर घरात भाजी विकत आली असती, आणि ती आयुष्यभर फळ्या ओढणारी झाली असती. हे तिने कोणाला बोलून दाखवले नव्हते. पण ते तिला नेमके ठाऊक होते.

जयवंतांना पुराव्याचे आव्हान नाकारता येत नसे. त्यांनी तिथेच अटी घातल्या. मळ्याच्या वरच्या पडीक कोपऱ्यात, जिथे भुसा कधी पडला नव्हता, तिथे वीस फूट लांब, चार फूट रुंद असे तीन वाफे. तिन्हींत शेणखत समान, बी एकाच पुडीचे, पाणी एकाच मापाने. पहिल्यात भुसा नाही. दुसऱ्यात आऱ्याखालचा ताजा भुसा, मळ्यात घातला त्याच प्रमाणात.

"आणि तिसऱ्यात ढिगाच्या तळचा," ते म्हणाले. "तीन पावसाळे खाल्लेला, काळा झालेला. आरोप भुशावर हाय ना? मग सगळ्या भुशाला उभं कर. एकालाच का?"

"करते उभं."

"पीक मुळ्याचं. सहा आठवड्यांत निकाल. एकोणीस जानेवारी, रविवार."

"मुळ्याला हॉलतिकीट पण काढा," कमलेश म्हणाला. "नाहीतर वाफ्यात बसू देणार नाय कोणी."

"तू गप रं. पंच कोण?"

पंच म्हणून मोतीबाईचे नाव हर्षलानेच सुचवले, आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. मोतीबाई चौकच्या नाक्यावर तीस वर्षे भाजी लावून बसत होती. मळ्याची भाजी तीच उचले, गेल्या वर्षी मुळ्याची जुडी परत करून तिने सांगितले होते, "ह्यो इकून माझी जागा जाईल गं." ती कोणाची नातेवाईक नव्हती आणि कोणाची भीड धरणारीही नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून जयवंता स्वतःच्या पक्षाच्या विरोधात पडेल अशा काटेकोरपणाने कामाला लागले. वाफ्यांच्या कडा त्यांनी दोरी लावून सरळ केल्या. शेणखताच्या पाट्या मोजून, एक पाटी थोडी शिगोशीग दिसली म्हणून ती हाताने सपाट करून, मग ओतली. प्रतिपक्षाला पूर्ण माप देणे हा त्यांचा बाणा होता, आणि सुनेनेही तोच उचललेला पाहून त्यांना एकाच वेळी समाधान आणि धाकधूक वाटत असावी.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात विहिरीवरचा पंप जळाला. दुरुस्तीला चार दिवस लागले. गिरणी नऊला सुरू होई. त्याआधी हर्षला विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदून हंड्याने वाफ्यांना घाली, प्रत्येकी दहा हंडे. तिसऱ्या दिवशी कमलेश दात घासत बांधावर येऊन उभा राहिला.

"दुसऱ्याला दोन हंडे कमी घाल की. तो वाळला तर तुझाच फायदा. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"तू तर लईच सत्यवान."

"मग तू हंडा उचल, सावित्री," ती म्हणाली. तो तोंडातला फेस थुंकून हसला आणि खरेच चार हंडे आणून ओतले, जाताना मात्र म्हणाला, "मी तुझ्या बाजूचा नाय हां. मला जागा पाहिजेच हाय."

एकोणतीस डिसेंबरला, तीन आठवडे झाले तेव्हा, दुसऱ्या वाफ्याचे पान फिकट पडले. पहिला हिरवा होता, तिसरा गडद हिरवा. जयवंतांनी तिन्ही वाफ्यांतले एकेक पान तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिले.

"पिवळं हाय. मान्य," ते म्हणाले. "पण कारण भुसाच, हे अजून मान्य नाय. तोच भुसा वालात हाय. वाल हिरवा. जोवर वाल हिरवा, तोवर तुझा आरोप लंगडा."

"मग आताच संपवू की," कमलेश म्हणाला. "सुरूच्या झाडाचे ओंडके पुढल्या आठवड्यात येतायत. मला खाली लादी टाकून घ्यायचीय."

"एकोणीस तारीख ठरलीय," हर्षला म्हणाली.

"अगं, निकाल दिसतोय समोर. वालावर तुझ्याकडं उत्तर नाय."

"एकोणीस म्हणजे एकोणीस. एक लादी जरी आणलीस तर त्याच लादीवर तुझं ताट वाढीन."

त्या दिवसापासून तिचे लक्ष वाफ्यांवरून उडाले आणि वालावर बसले. एकाच मातीत, एकाच भुशात, एक उपाशी राहतो आणि एक धष्टपुष्ट होतो. तेव्हा फरक मातीत नाही, वालात असला पाहिजे. वर पाहून तिला काही दिसेना. म्हणून बारा जानेवारीला दुपारी ती खुरपे घेऊन शेतात गेली, वालाचे एक रोप चहूबाजूंनी खणून, न ओढता, मातीसकट उचलले, आणि पाटाच्या पाण्यात मूळ हलक्या हाताने धुतले. मग दुसऱ्या वाफ्यातला एक मुळा उपटला आणि दोन्ही घेऊन गिरणीत आली.

जयवंता आऱ्याच्या पट्ट्याचे दात कानशीने धारेवर आणीत बसले होते. हे काम ते कोणालाच देत नसत.

"बाबा, या गाठी कसल्या?"

त्यांनी चष्मा सारखा केला. वालाच्या मुळाला जागोजागी मोहरीएवढ्या, गुलाबीसर गाठी चिकटल्या होत्या.

"वालाला असतातच त्या. रोग नाय तो."

"मुळ्याला नाय."

"मुळ्याला कुठनं असणार?"

"तुमीच सांगता, वालाच्या शेतात पुढल्या साली भात कसं येतं?"

"जोरात येतं. खत निम्मं लागतं. हे काय इचारायचं झालं? माझा बा सांगायचा, वाल आपलं जेवान आपण घेऊन येतो, आन उरलेलं भाताला ठेवून जा—"

कानस दाताच्या मध्यावर थांबली.

जयवंता कितीही हट्टी असले तरी स्वतःच्या वाक्यातून निघणारा निष्कर्ष टाळणारे नव्हते. ताजा भुसा कुजताना मातीतले अन्न खात असेल, तर मुळ्याला उपास पडणारच. वालाला पडणार नाही, कारण तो मातीच्या भरवशावर बसलेलाच नाही. दोन वर्षे ज्या साक्षीदारावर त्यांनी सगळी बाजू उभी केली, तो या प्रकरणात साक्ष देण्यास पात्रच नव्हता.

"जो पाहुणा घरनं डबा घेऊन पंगतीला बसतो," ते सावकाश म्हणाले, "त्याच्या भरल्या पोटावरनं यजमानानं वाढलं का नाय, ते ठरत नाय."

"मग?"

"मग वालाची साक्ष बाद." त्यांनी कानस पुन्हा दातावर टेकवली. "पण एवढ्यानं तू जिंकली नाय. जमिनीत भाजी होते, हे अजून दाखवायचं राहिलंय. ते पंच बघेल."

एकोणीस जानेवारीला सकाळी मोतीबाई टेंपोतून उतरली. तिला काहीच सांगितलेले नव्हते. गोणपाटावर मुळ्यांचे तीन ढीग मांडले होते. कोणता कोणत्या वाफ्याचा याची खूण फक्त जयवंतांच्या खिशातल्या चिठ्ठीवर होती.

"काय जयवंतादादा, मुळ्याचं बारसं मांडलंत का काय?"

"मोतीबाय, बस. यातला कुठला घेशील, एवढंच सांग. आमी कोणी बोलणार नाय."

"तुमी आन बोलणार नाय? मग मी चहा पिऊनच बसते."

पण चहा यायच्या आत ती उकिडवी बसली होती. मधल्या ढिगातला मुळा उचलून तिने वाकवला. तो मोडला नाही, नुसता लवला.

"ह्यो बैलाला घाला. तो पण तोंड फिरवंल."

कमलेशने घसा खाकरला. "मोतीबाय, एक सांगून ठेवतो. मळा राहिला तर मला कारखान्याचं काम निम्मंच घेता येणार. फळ्या काय आभाळात नाय वाळत. ते पण धरा."

"तुझ्या फळ्या मी इकते का रं? मला मुळा बघू दे."

पहिल्या ढिगातला मुळा तिने दातांनी तोडून चावला, मान हलवली. एकदोन मुळे दोन पायांचे निघाले होते, तेवढे बाजूला काढले. मग तिसऱ्या ढिगाकडे वळली. तो मुळा सरळ, मनगटाएवढा, आणि मोडताना त्याचा आवाज गिरणीच्या दारापर्यंत गेला. तिने देठ मोडून पाहिला, पान चोळून वास घेतला, आणि पहिल्या ढिगातला एक पुन्हा हातात धरून दोन्ही तोलले.

"ह्यो कुठला?"

जयवंतांनी चिठ्ठी काढली. "तिसरा वाफा. ढिगाच्या तळचा भुसा, तीन पावसाळ्यांचा. मधला ढीग ताज्या भुशाचा. पहिला बिनभुशाचा." मग सुनेकडे वळून म्हणाले, "ताजा भुसा दोषी, हे मी कबूल करतो. बिनशर्त. पण भुसा सरसकट दोषी, हा तुझा आरोपही टिकत नाय, हे नोंदवून घे."

"घेतलं," हर्षला म्हणाली. "पुढल्या हंगामाला तळचाच घालीन. मीच."

"तूच. पण प्रमाण किती, त्यावर बोलावं लागंल. शिवाय निंबोळीचा—"

"दादा," मोतीबाई म्हणाली, "माझा टेंपो उभा हाय."

मग जयवंतांनी, पंचाला विचारावा तसा, सावरून प्रश्न विचारला. "या जमिनीत भाजी होते का नाय? आन मळा ठेवावा का नाय? तुझा शब्द तो निकाल."

मोतीबाईने पहिला आणि तिसरा ढीग आपल्या पाटीत भरला, पाटी कमलेशच्या डोक्यावर दिली, आणि लुगड्याला हात पुसले.

"जमीन चांगली हाय. मळा ठेवा."