नळीतला विस्तव

धाकटी जाऊ शाळेत शिकवते, स्कूटीवर जाते-येते, गावातली माणसं तिला वाट सोडून नमस्कार करतात, हे सगळं पंकजानं मुकाट्यानं पोटात घातलं होतं. माणसानं पोटात घालायचं तरी किती? ही धाकटी, ज्ञानेश्वरी, स्काउट-गाइडच्या शिबिरातून एक पितळी नळी घेऊन आली आणि पंकजाच्या पोटात दुखायला लागलं ते काही थांबेना.

नळी वीतभर लांब, एका टोकाला बंद. दुसऱ्या टोकातून आत जाणारा दांडा, वर लाकडी मूठ. दांड्याच्या टोकाजवळ एक काळं रबराचं कडं, आतला वारा निसटू नये म्हणून. टोकाच्या खळगीत जळक्या सुती चिंधीचा कपटा दाबायचा, मुठीवर एकच सणसणीत ठोका हाणायचा आणि दांडा लगेच बाहेर ओढायचा. आतला वारा दाबला जाऊन एवढा तापतो की कपटा लाल होऊन येतो. तो काथ्याच्या भुशात ठेवून फुंकला की जाळ. शाळेतल्या पोरींना शेकोटी पेटवायला शिकवायचं म्हणून ज्ञानेश्वरीनं ती आणली होती.

ओसरीवर तिनं पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा सासूबाई, म्हणजे धुरपदाबाई, तूर निवडायची टाकून पुढं सरकल्या.

"आगं माय! माझ्या बापाकडं चकमक व्हती, गारगोटीवर हाणायचा. ही तर त्याच्याहून न्यारी. आन इकडं, मला दाव."

पंकजा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "का वो आत्याबाई, घरातल्या काड्याच्या पेट्या सरल्या व्हय?"

कोणी हसलं नाही. तिचा नवरा बजरंगसुद्धा वाकून नळीत डोकावत होता.

तेव्हापासून रोजचंच झालं. ज्ञानेश्वरी शाळेतून आली की सासू-सून ओसरीवर नळी घेऊन बसायच्या. धुरपदाबाईंचा ठोका कधी तिरका पडायचा, कधी दांडा वेळेवर बाहेर निघायचा नाही, आणि दोघी एकमेकींच्या मांडीवर थापा मारत हसायच्या. "मास्तरीणबाई, आमाला नापास करू नगा," असं म्हातारी म्हणायची. पंकजाच्या लग्नाला केवढी वर्षं झाली, पण तिला असं लाडाचं नाव सासूनं कधी ठेवलं नव्हतं. तिला आपली 'ए पंकजा'. चहा कर, पंकजा. शेळी बांध, पंकजा.

हेही एक वेळ तिनं सोसलं असतं. पण पुढं आगटी होती.

वालूरजवळच्या त्यांच्या रानात दरवर्षी ज्वारी हुरड्याला आली की पाव्हणेरावळे बोलवायचे. रानात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, राखेत कणसं भाजायची आणि गरम गरम चोळून खायची. ज्या बाईनं आगटी पेटवली तिनंच हुरडा वाटायचा, ही त्या घरची रीत होती. कुणाला पहिली मूठ द्यायची ते ती ठरवणार. घरात कुणाच्या शब्दाला वजन आहे ते चार पाव्हण्यांना तिथंच कळायचं. धुरपदाबाईंना गुडघ्यांमुळं आता आगटीपुढं उकिडवं बसवत नव्हतं. "औंदा आगटी सुनंच्या हाती द्यायची," असं त्यांनी दिवाळीलाच सांगून टाकलं होतं. कोणत्या सुनेच्या ते सांगितलं नव्हतं. सांगायची गरज काय, थोरली मीच की, असं तेव्हा पंकजाला वाटलं होतं. आता वाटत नव्हतं.

म्हणून एका दुपारी घर रिकामं बघून तिनं धाकटीच्या खोलीतली नळी उचलली आणि गोठ्यामागं गेली. ठोके मारून मारून तळहात लाल झाला, पण कपटा काही पेटेना. दुसऱ्या दिवशी परत गेली. हळूहळू तिला कळलं की जोर खांद्यातून आला पाहिजे, मनगटातून नाही. दांडा ओढायला पापणी लवण्याइतकाही उशीर चालत नाही. रबराच्या कड्याला खोबरेल तेलाचं बोट लावलं की दांडा सरळ जातो. आणि एक दिवस खळगीत तो ठिपका लाल झाला. पंकजा एकटीच हसली. मग तिला रडायला आलं, कारण दाखवायला कोणी नव्हतं. एवढं नाक मुरडल्यावर आता मीसुद्धा शिकले, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? ती गुपचूप नळी जागेवर ठेवून आली.

हुरड्याच्या आदल्या संध्याकाळी जेवताना धुरपदाबाई म्हणाल्या, "उद्या आगटी नळीनंच पेटवायची. पूर्ण्याचे याही यायलेत, बघू द्या त्यांना बी."

पूर्ण्याचे व्याही म्हणजे ज्ञानेश्वरीचे आई-बाप. नळी ज्ञानेश्वरीची, पाव्हणे ज्ञानेश्वरीचे. म्हणजे इतकी वर्षं शेणात हात घालून गोवऱ्या थापायच्या आम्ही, आणि त्या पेटवून मिरवायचं हिनं!

भांडी घासून झाल्यावर ती धाकटीच्या खोलीत गेली. ज्ञानेश्वरी अंगणात फोनवर बोलत होती. पंकजानं दांडा बाहेर काढला, नखानं रबराचं कडं उचकटलं, दांडा पुन्हा नळीत सारला आणि कडं चुलीतल्या निखाऱ्यावर टाकलं. घाण वास सुटला. तिला फार बरं वाटलं. आता हाण म्हणावं ठोके, बापासमोर.

सकाळी रानात सगळे जमले. खड्ड्यात गोवऱ्या रचल्या होत्या, चटणी-गूळ मांडला होता. पाव्हण्यांत पुढं सतरंजीवर ज्ञानेश्वरीची आई पदर सावरून बसली होती. धुरपदाबाई खुर्चीवर होत्या. त्यांनी हात पुढं केला, ज्ञानेश्वरीनं नळी त्यांच्या हातात दिली, आणि त्या म्हणाल्या,

"पंकजा, ये. बस म्होरं."

पंकजाला वाटलं, फुंकायला बोलवायल्यात.

"आगं, बघायलीस काय? मान थोरलीचाच असतो. नळी मास्तरीणबाईची, हात तुझा. तू तर त्या नळीला शिवंना. म्हनलं, आदी आपुन शिकावं आन मग हिला शिकवावं. न्हाईतर या वयात मला काय आगीचा खेळ खेळायचा व्हता? घे. मी सांगते तसं हाण."

ज्ञानेश्वरी पंकजाकडं बघून हसत होती. मोकळं हसू होतं. पंकजानं त्यात खोट शोधली, सापडली नाही.

नळी तिच्या हातात आली. चारचौघांत, सासूच्या शब्दानं, थोरलेपणाच्या मानानं आली. तिच्यात कडं मात्र नव्हतं. आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून नेमकं नको ते निघतं, तसं तिच्या तोंडून निघून गेलं,

"आत्याबाई, याला रबर न्हाई."

दांडा अजून नळीतच होता. तिनं तो ओढूनसुद्धा पाहिला नव्हता.

धुरपदाबाईंनी नळी परत घेतली, दांडा काढून पाहिला. मग सुनेकडं पाहिलं. "खरंच न्हाई की. पर तुला कसं कळलं गं? तू तर कदी हात बी लावला न्हाईस."

बजरंग खाली बघून ढेकूळ फोडत राहिला.

ज्ञानेश्वरीचं हसू मावळलं होतं. तिनं पंकजाकडं एकदा नीट पाहिलं. तिला सगळं कळलं, आणि तिला कळलं हे पंकजालाही कळलं.

"मीच सांगितलं आक्कांना सकाळी," ज्ञानेश्वरी म्हणाली. "काल पुसायला काढलं आन कुठं ठिवलं ध्यानातच न्हाई. तुमाला सांगायचं राहिलं, आत्याबाई."

"शाळंत पोरींना शिकवतीस आन येवढं ध्यान न्हाई तुला?" म्हातारी कडाडली, ते थेट पूर्ण्याच्या व्याह्यांसमोर. "पाव्हण्यांत हसं केलंस की घराचं!"

ज्ञानेश्वरीच्या आईची मान खाली गेली. ज्ञानेश्वरी म्हणाली, "चुकलं, आत्याबाई." मग पर्समधून शिबिरात मिळालेलं जादा कडं काढून तिनं दांड्यावर बसवलं, कपटा भरला आणि नळी पंकजाच्या हातात दिली. पंकजाचं बोट लागलं तेव्हा तिनं हात पटकन मागं घेतला.

धाकटीला सगळ्यांसमक्ष बोलणी बसावीत म्हणून पंकजा इतके दिवस देव पाण्यात घालून बसली होती. आता बसली, तर ऐकवेना.

तिनं खांद्यातून ठोका हाणला आणि दांडा ओढला. पहिल्याच ठोक्याला विस्तव आला. काथ्यात ठेवला, फुंकला, गोवऱ्यांच्या पोटात सारला. "वा रे पट्ठी!" धुरपदाबाई ओरडल्या. "न शिकवता जमलं! ह्याला म्हन्त्यात हात!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्ञानेश्वरीनंही वाजवल्या.

कणसं भाजली, पंकजानं चोळली आणि पहिली मूठ धाकटीपुढं धरली. ज्ञानेश्वरीनं ती दोन्ही हातांनी घेतली, "लय गोड झालाय, आक्का," म्हणाली आणि खाली मान घालून खात राहिली.

पंकजा तिच्याकडं बघत बसली. आपल्या हातून असं झालं असतं का? आपण तिला झाकलं असतं का? नसतं, हे तिला स्वच्छ ठाऊक होतं. शाळा, स्कूटी, लाडाचं नाव, हे सगळं राहिलं बाजूला. एवढं चांगलं वागणं हिला जमतं आणि मला जमत नाही, याच विचारानं तिला पुन्हा धाकटीचा हेवा वाटायला लागला, आणि आधीच्यापेक्षा जास्त वाटायला लागला.

"आगं पंकजा, पाव्हणे थांबलेत," धुरपदाबाई म्हणाल्या. "वाढ की."